लेखाखालचं बोलणं

तिगाव स्टेशनाच्या अलीकडे जे रेल्वे फाटक आहे, तिथे भाऊराव गेटमन होते. ड्युटीला चोख, पण बोलायला कच्चे. घरी पाहुणा आला की "या, बसा" एवढं म्हणून त्यांचं संपायचं. पुढचं सगळं शांताबाई सांभाळायच्या. एकुलत्या एका लेकीशीही तेच. सुचिता पांढुर्ण्याला कॉलेजात जायची, तेव्हा "डबा घेतला का?" आणि "गाडी भेटली का?" एवढ्यावर बापलेकीचं भागायचं. पोरगी जिवापाड आवडती, पण ते सांगायचं कसं, हे भाऊरावांना कधी कोणी शिकवलं नव्हतं.

सुचिता शिकत गेली. नागपूरकडच्या एका विद्यापीठात तिला पीएचडीला प्रवेश मिळाला. विषय होता संत्र्याच्या फुलावर येणाऱ्या मधमाश्या. मोहगावला यशवंतराव म्हणून एक बागायतदार होते, त्यांच्या बागेत तिचं काम चाले. विद्यापीठाचा एक ब्लॉग होता. विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आपापल्या अभ्यासाविषयी तिथे लिहीत. सुचितानंही लिहायला घेतलं, तेही मराठीत, आणि पहिल्या लेखाची लिंक बापाला पाठवली.

भाऊरावांनी फाटकावरच्या खोलीत बसून तो लेख वाचला. खाली 'आपली प्रतिक्रिया लिहा' असं होतं. लिहा म्हटलंय तर लिहायलाच हवं, असं समजून त्यांनी लिहिलं, "जय भीम. आपला लेख वाचला. चांगला आहे. भाऊराव, गेटमन, तिगाव."

संध्याकाळी सुचिताचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

"बाबा, तुम्ही साहेबाले अर्ज लिहून राहिले का? बोलता तसं लिहा ना."

"मी कुठं बोलतो?"

"म्हणूनच म्हणते, लिहा. तिथं कोणी पाहून नाही राहिलं तुमच्याकडं. एक गजेंद्र सर हायेत कॉम्प्युटर विभागात, ते आधी वाचतात अन् मग दिसते. बस."

आणि खरंच, जे समोरासमोर कधी जमलं नाही ते लेखाखाली जमू लागलं. भाऊराव विचारायचे, माशी एकाच झाडाकडे परत परत काहून जाते? सुचिता उत्तर द्यायची. मग ते आणखी विचारायचे. हळूहळू बोलणं माश्यांवरून दुसरीकडे वळायचं. हॉस्टेलच्या जेवणावर, आईच्या गुडघ्यांवर, भाऊरावांच्या स्वतःच्या लहानपणावर. आपल्या बापानं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आपल्याला कसं शिकवलं, हे त्यांनी शांताबाईंनाही कधी नीट सांगितलं नव्हतं. ते त्यांनी एका लेखाखाली लिहिलं. सुचितानं खाली लांबलचक उत्तर दिलं. त्या दिवशी भाऊराव बंद फाटकाशी हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांकडेही हसून पाहत होते.

एका वर्षी शेजारच्या बागेत फवारणी झाली आणि ऐन बहारात यशवंतरावांच्या बागेत माश्या फिरकल्याच नाहीत. झाडं फुलांनी पांढरी झालेली आणि बागेत चिडीचूप. सगळं वर्ष वाया गेलं, असं सुचितानं लिहिलं. भाऊरावांनी खाली लिहिलं, "बेटा, गाडी लेट असली म्हणून फाटक सोडून जाता येत नाही. बसून राहणं बी ड्युटीच असते." पुढच्या बहाराला आपणही रजा काढून बागेत येऊ, असंही त्यांनी कबूल केलं.

तो बहार सुचितानं पाहिला नाही. दिवाळीच्या आधी हॉस्टेलमध्ये तिला ताप आला. साधा ताप असेल म्हणून तिनं गोळ्या घेतल्या. तो डेंग्यू निघाला. भाऊराव-शांताबाई दवाखान्यात पोहोचले तेव्हा ती बोलत होती. "आई, घाबरू नको," म्हणाली. बापाकडे पाहून नुसती हसली. भाऊराव पलंगाशी उभे होते. त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. ते म्हणाले, "पाणी पाहिजे का?" दुसऱ्या दिवशी ती गेली.

थंडी सरली, संत्र्याला आंबिया बहार आला तेव्हा भाऊरावांनी रजा काढली. मोटरसायकलनं मोहगावला जाऊन ते बागेत बसले. माश्या आल्या होत्या. फुलाफुलावर त्यांची घाई चालली होती. त्यांनी मोबाईल काढला आणि सुचिताच्या शेवटच्या लेखाखाली लिहिलं, "बेटा, आल्या."

मग ते लिहीतच राहिले. रजा संपल्यावरही, फाटकावरून. आज आभाळ आलं. आज तुझ्या आईनं पुरणपोळी केली, पण खाल्ली नाही. उत्तर येणार नाही हे त्यांना कळत होतं. पण वर सरकवलं की जुनी बोलणी होती. 'बाबा' म्हणून सुरू होणारी तिची उत्तरं होती. ती उत्तरं ते रोज वाचत.

शांताबाई म्हणायच्या, "नका पाहत जाऊ ते. डोळे पाहा कसे झाले तुमचे."

"वाचून राहिलो फक्त," ते म्हणायचे.

एका सकाळी पान उघडलं नाही. नेट गेलं असेल म्हणून भाऊरावांनी दिवस काढला. मग पांढुर्ण्याला मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार अंकुरनं खूप खटपट केली.

"काका, तुमचा फोन बरोबर आहे. ते पानच नाही राहिलं तिथं."

भाऊरावांनी रेल्वे पकडली. विद्यापीठात विचारत विचारत गेले, तर गजेंद्र सर आता परीक्षा विभागात होते. भाऊरावांनी नाव सांगताच ते खुर्चीवरून उठले.

"तिगावचे भाऊराव? बसा, बसा. तुमचं एकेक अक्षर मी वाचलंय. मीच तर पुढं सोडायचो." मग त्यांचा आवाज खाली आला. "नवी वेबसाइट झाली काका. जुना ब्लॉग बंद केला. माझी बदली झालेली, मला उशिरा कळलं. धावत जाऊन सुचिताचे सगळे लेख काढून ठेवले. छापूनही ठेवलेत, हे पाहा."

भाऊरावांनी कागद उलटून पाहिले. लेख संपला की खाली कोरं होतं.

"खालचं?"

"ते नाही वाचवता आलं काका. खूप शोधलं. जुना सर्व्हरच पुसून टाकला."

भाऊरावांनी त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला.

"सर, लेख तिनं सर्व्यांसाठी लिहिले," ते म्हणाले. "खालचं मायं होतं."

गजेंद्र सरांनी चहा मागवला. तो तसाच गार झाला.

दिवेलागणीला भाऊराव घरी आले. शांताबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. भाऊरावांनी सांगितलं. एरवी "बरं झालं, सुटले" म्हणाल्या असत्या, पण त्या जवळ येऊन बसल्या.

"मले कुठं वाचता येते. काय लिहे ती तुमाले? सांगा ना."

भाऊराव आठवू लागले. बापाच्या कापसाचं आपण लिहिलं होतं, ते सगळं आठवलं. जेवणाचं विचारलं होतं, गुडघ्यांचं लिहिलं होतं, तेही. एकेक वाक्य जुळवायला त्यांना तेव्हा तासन् तास लागले होते, ती सगळी तोंडपाठ होती.

"मंग ती काय म्हणे?" शांताबाईंनी विचारलं.

भाऊरावांनी तोंड उघडलं. 'बाबा' एवढं आलं. त्याच्या पुढचं काही येईना. त्यांनी पुन्हा पाहिलं, दुसरं काही आठवतं का, तेही येईना.

"मी आपलंच पाठ केलं, शांता," ते म्हणाले. "तिचं कधी पाठ केलंच नाही. मले वाटलं, ते तर हायेच तिथं."

शांताबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत भाऊरावांना रडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.