जीभ उचल

“तोंड मीट आणि कान उघडे ठेव.”

समोरच्या खुर्चीत पोरसवदा बसो की पिकल्या केसांचा, ती हेच म्हणायची. रागानं नाही, लाडानंही नाही. जाता जाता दार लोटून घे म्हणावं, तसं. व्यसन सोडवायच्या त्या दवाखान्यात तिचं कामच ते होतं. डॉक्टरबाईंनी लिहून दिलेली गोळी रोग्याच्या जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत समोरच्या स्टुलावर बसायचं आणि मग सांगायचं, “उघड. जीभ उचल.” गोळी गिळली तर फुकट जाते, बोलत बसलं तर लाळेबरोबर निसटते, आणि गालात दडवून बाहेर नेली की भलत्याच्याच हाती लागते. म्हणून ही राखण. रोग्यांनी तिचं नाव जीभबाई पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि चालतही होतं.

मुक्यानं बसलेल्या माणसाला त्याचंच मन कुरतडायला लागतं. म्हणून ती काहीबाही बोलत राहायची. गच्चीवर वाळत घातलेली चादर वाऱ्यानं कशी शेजारी गेली, मांजरीनं कपाटात पिल्लं कशी घातली. एक रंगारी रोज यायचा. गोळी विरघळली रे विरघळली की तो उसळायचा, “जीभबाई, लग्न झाल्यापासून इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो. बायकोला कळलं तर ती तुम्हाला घरीच घेऊन जाईल.”

“मला नेऊन काय करणार? तिथंही तुझी जीभच उचलून बघायची ना?”

सगळी खोली हसायची. तीही हसायची, पण तोंडानंच. धाकटा भाऊ गेल्यापासून तिचे डोळे हसण्यात सामील होत नसत.

दवाखान्यात तेव्हा एक संशोधन चाललं होतं. काही रोग्यांना आठवड्याच्या गोळ्या घरी द्यायच्या, काहींनी रोज येऊन समोर बसून घ्यायच्या, आणि व्यसनापासून जास्त काळ कोण लांब राहतं ते बघायचं. कोण कुठल्या गटात पडणार हे यंत्र ठरवायचं. त्यात डॉक्टरबाईंनाही बोलायची सोय नव्हती. त्या यंत्रानंच एका सकाळी गोडबोल्याला आणून तिच्यापुढे बसवलं.

तोंडावरून तिनं त्याला ओळखलं नसतं. गाल आत गेलेले, नाक गळतंय, जांभयांवर जांभया, अंगावर काटा आणि मांड्या एका जागी ठरत नाहीत. मग तो बोलला. “ताई, जरा पाणी मिळेल का हो?”

तोच आवाज. साखरेत घोळवून काढलेला. जीभबाईच्या हातातला पेला तसाच राहिला.

हा औषधाचा दुकानदार. चौकातल्या त्याच्या दुकानाला सगळी वस्ती गोडबोल्याचं दुकान म्हणायची. आलेल्या प्रत्येक बाईला ताई, प्रत्येक पोराला राजा. तिचा धाकटा खिडक्यांना काचा बसवायचा. हात असा हलका की काच चौकटीत उतरताना टिचकीएवढाही आवाज व्हायचा नाही. शिडीवरून पडला, पाठ धरली, दवाखान्यात दुखण्याच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या लिहून मिळाल्या. ते दिवस संपले, पण गोळ्या संपल्या नाहीत. “घे रे राजा,” गोडबोल्या म्हणायचा, “दुखणं काय चिठ्ठी विचारून येतं?” चिठ्ठीशिवाय पाकिटामागून पाकीट सरकत गेलं. पाठ कधीच बरी झाली होती. गोळीवाचून जे दुखायचं ते पाठीत नव्हतंच. पुढे धाकट्यानं त्या दुकानाच्या कपाटांना, समोरच्या सरकत्या खिडकीला, सगळीकडे काचा बसवून दिल्या, पाकिटाच्या आशेवर. आणि एक दिवस तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्याचा श्वास थांबला.

आता गोडबोल्यालाही त्याचाच माल लागला होता.

त्या सकाळी तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवण्यासारखं नाही. ती नुसतं म्हणाली असती, हा गोळी गालात दडवतो, तर डॉक्टरबाईंनी त्याला ताकीद दिली असती. पुन्हा म्हणाली असती तर यादीतून त्याचं नाव निघालं असतं. रस्त्यावर गेल्यावर तो किती काळ टिकला असता ते सांगायला संशोधन नको होतं. पण तिनं पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. मेला असता तर सुटला असता. तिला तो सुटायला नको होता. आणि गुंगीतल्या माणसाला शिवी देणं म्हणजे भिंतीवर थुंकणं. भिंतीला काय लागतं?

आधी हा शुद्धीवर यायला हवा होता. पुरता.

म्हणून तिनं त्याची सेवा केली. पाय ओढायचे तेव्हा गरम पाण्याची पिशवी दिली, उलट्या झाल्या तेव्हा बादली धरली, घामानं भिजलेले कपडे बदलायला लावले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बाई, तुम्ही स्वतःच्या माणसाचं करावं तसं त्याचं करताय.”

“काम आहे माझं,” ती म्हणाली. खाटीकसुद्धा बोकडाला चारा घालतोच, हे मात्र तिनं तोंडाबाहेर काढलं नाही.

हळूहळू त्याच्या डोळ्यांवरची साय गेली. नाक थांबलं, झोप येऊ लागली, दाढी केलेली दिसू लागली. मग एका सकाळी तिनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, “तोंड मीट आणि कान उघडे ठेव. माझा धाकटा काचा बसवायचा. तुझ्या दुकानाच्या खिडकीला काच त्यानंच बसवली होती.”

गोडबोल्यानं झटकन वर पाहिलं. ओठ हलले.

“बोलू नकोस. गोळी निसटेल.”

ज्याची जीभ जन्मभर सगळ्यांवर चालली तो आज जिभेखाली गोळी धरून बसला होता. त्याला ना ‘ताई’ म्हणता येत होतं ना ‘राजा’. नको असेल तर थुंकून उठायचं, दार उघडंच होतं. पण थुंकलं तर संध्याकाळपर्यंत हाडं पिळायला लागणार, हे त्या दुकानदारापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? तो बसून राहिला. पाठीवर काच वाहताना धाकटा शीळ घालायचा म्हणजे लोक बाजूला होतील, एवढंच तिनं त्या दिवशी सांगितलं. मग म्हणाली, “उघड. जीभ उचल.” बघितलं. “विरघळली. जा.”

“ताई, मला तेव्हा खरंच—”

“ताई म्हणायचं नाही. मला ताई म्हणणारा एकच होता.”

रोज थोडंथोडं. एकदम ओतलं तर माणूस बधिर होतो, हे ती इथंच शिकली होती. एक दिवस धाकट्याचे हात कसे थरथरायला लागले, एक दिवस त्याच्या हातून पहिली काच कशी फुटली आणि त्यानं तुकडे कसे टोपीत गोळा केले. एक दिवस तिनं धाकट्याला खोलीत कोंडलं तेव्हा तो दारापलीकडून कसा रडत विनवायचा, आणि ती दाराला पाठ लावून कशी बसायची. गोडबोल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. पुसायला त्याचे हात मोकळे होते, पण तो पुसायचा नाही. तिला ते पाणी बघून बरं वाटायचं. वाईट वाटायला हवं होतं, असं एखाद्याला वाटेल. तिला बरं वाटायचं.

मग तिनं त्या सरकत्या खिडकीचा दिवस सांगितला. धाकटा दुकानापुढे उभा होता, हातपाय कापत होते, आणि आता त्याच्याकडून कुठलं काम करून घ्यायचं उरलं नव्हतं. “तू पाकीट दाखवलंस, परत ठेवलंस आणि म्हणालास, उद्या ये रे राजा. आणि खिडकी ओढून घेतलीस. त्यानंच बसवलेली. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी होते.”

दुसऱ्या दिवशी गोडबोल्या आला नाही.

खुर्ची रिकामी बघून रंगारी म्हणाला, “गेला वाटतं पाखरू.” जेवणाच्या सुट्टीत तिनं चपला घातल्या आणि चौक गाठला. दुकानाला कुलूप होतं, काचेवर धूळ. वरच्या घराच्या जिन्यात तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, नाक परत गळत होतं.

“काही घेतलंस?”

“नाही. पण घेणार आहे. तिथं नाही येणार मी. मला ऐकवत नाही.”

“ऐकवत नाही?” ती पायरीवर टेकली. “बरं झालं. म्हणजे लागतंय.”

“त्यापेक्षा जीव घे माझा.”

“तो घ्यायचा असता तर एवढा जिना चढून आले असते का? तू मेलास तर माझं सांगायचं अर्धंच राहील. ऊठ. तोंड धू. अजून शेवट व्हायचाय.”

तो उठला. ती पुढे आणि तो मागे, असे भर उन्हात दोघं दवाखान्यात आले. त्यानंतर त्यानं एकही दिवस चुकवला नाही. उलट लवकर येऊन बसायला लागला. दार उघडायच्या आधीच पायरीवर हजर.

बोभाटा रंगाऱ्यामुळे झाला. तो डॉक्टरबाईंना थट्टेत म्हणाला, “आम्हाला मांजरीची पिल्लं आणि त्याला रोज नवी कथा! हा कुठला न्याय?” डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोडबोल्याला बोलावलं, मग हिला.

“बाई, खरं का हे?”

“खरं आहे.”

“ती खुर्ची औषधाची आहे. शिक्षेची नाही. तो आजारी आहे, तुमचा भाऊ होता तसाच.”

“माझ्या भावानं कोणाला आजारी पाडलं नव्हतं.”

“नव्हतं पाडलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तरीही तो इथं आलाय तो बरा व्हायला, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. शिवाय उद्या मी कशावरून सांगू की रोज येणारे टिकतात? गोळीमुळे टिकला, रोज येण्यामुळे टिकला, की तुमच्यामुळे? हे मला आता लपवता येणार नाही, लिहावं लागेल. उद्यापासून तुम्ही बायकांच्या खोलीत बसा. आजचा दिवस मीच दाराशी उभी राहते.”

हे बरोबर होतं. जीभबाईला ते कळलंही. ती उठली, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्हाला सांगायला हवं. त्यानं तक्रार केली नाही. हात जोडून म्हणाला, मला तिच्याचसमोर बसू द्या. तिचं ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही.”

रोज एकेक काच त्याच्या काळजात रुतवली असं जीभबाई समजत होती, आणि त्यानं त्याचंही औषध करून टाकलं! याही दुकानात त्यालाच फायदा!

व्हरांड्यातून चालताना तिला धाकट्याचा शेवटचा दिवस आठवला. तो कोणालाच सांगितला नव्हता. त्याच्या तोंडी गोडबोल्याचं नाव आलं नव्हतं. त्यानं शाप दिला नाही, क्षमाही केली नाही. तो म्हणाला होता, “ताई, खिडकी उघड.” तिनं उघडली होती. बस, एवढंच. हेच सांगून आज गोडबोल्याचं तोंड कायमचं पाडायचं तिनं ठरवलं होतं. तू आमच्यासाठी एवढाही नव्हतास, की शेवटच्या श्वासात तुझी आठवण यावी.

गोडबोल्या खुर्चीत ताठ बसला होता, अंघोळ करून, केस विंचरून. डॉक्टरबाई दाराशी होत्या. रंगारी कोपऱ्यात आपली पाळी येण्याची वाट बघत होता. तिनं गोळी ठेवली. स्टुलावर बसली.

“तोंड मीट,” ती म्हणाली. कान उघडे ठेव, हे म्हणाली नाही.

आणि गप्प बसली.

गोडबोल्या वाट बघत राहिला. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानं मान पुढे काढली, भुवया उंचावल्या, गुडघ्यावर बोटं वाजवायला लागला. मग मांडी हलायला लागली. पहिल्या दिवशी हलत होती तशीच. तिनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिच्या छातीतला इतक्या वर्षांचा पिळा जरासा सैल झाला.

शेवटी त्याला राहवलं नाही. गोळी तशीच धरून, जड जिभेनं तो म्हणाला, “शेवटी... शेवटी तो काय म्हणाला? मला शिव्या दिल्या का? का... माफ केलं?”

“बोलू नकोस. गोळी निसटेल.”

“एवढंच सांग. पाया पडतो.”

तो खरंच खाली वाकायला लागला. डॉक्टरबाई एक पाऊल पुढे आल्या. जीभबाईनं त्याच्या खांद्याला हात लावून त्याला परत सरळ बसवलं, हलकेच, काच चौकटीत बसवावी तसं. मग ती पूर्ण वेळ थांबली. कामात कुचराई तिनं आजही केली नाही.

“उघड,” ती म्हणाली. “जीभ उचल.”

त्यानं तोंड उघडलं. जीभ उचलली. ती वाकली, नीट बघितलं.

“विरघळली. बरा झालायस तू. आता आयुष्यभर शुद्धीत राहशील.” ती उभी राहिली. “बाकीचं उद्या. उद्या ये रे राजा.”

स्टूल तिनं भिंतीला लावलं, पेला पालथा घातला आणि चपला सरकवून व्हरांड्यात गेली. बायकांच्या खोलीकडे वळणारी वाट अंगणाच्या पलीकडून होती. ऊन चढलं होतं. ती घाई न करता, पाठीवर काही जड पण नाजूक वाहत असल्यासारखी चालत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरबाई दारातून बघत राहिल्या. आणि गोडबोल्या खुर्चीतून बघत होता, तोंड तसंच उघडं, जीभ तशीच उचललेली, कारण मिटायला त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.