आत्याची धाकटी

माझी आत्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायची. शहराच्या पोटातून कुठला नळ कुठे गेलाय, कुठे वळलाय, कुठे त्याला झडप आहे, हे सगळं ती उंच टेबलाशी उभी राहून काळ्या शाईत उतरवायची. उभी म्हणजे उजव्या पायावर. डावा पाय लहानपणीच्या तापात गेला होता. त्याला चामडी पट्टे आणि लोखंडी सळ्यांचा आधार होता आणि ती चालली की त्यातून टिक टिक आवाज यायचा. आत्या कुठल्या खोलीत आहे, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

छत्तिसाव्या वर्षी तिने गाडी घ्यायचं ठरवलं. तिच्या कार्यालयातले मोठे इंजिनिअर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांची चार दारांची, सायीच्या रंगाची, क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी होती.

"अगं, गाडी चालवायला दोन पाय लागतात," बाबा म्हणाले. बाबा तिचे थोरले भाऊ.

"हिला एकच लागतो," आत्या म्हणाली.

गाडी घरी आली तेव्हा पहिली फेरी मारायचा मान बाबांनी हक्काने घेतला. मी आणि आई मागे, आत्या त्यांच्या शेजारी. कोपऱ्यावर वळताना बाबांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थबकली. आईचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"दादा," आत्या शांतपणे म्हणाली, "या गाडीत तुझा डावा पाय जास्तीचा आहे."

बाबा इतके हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचं नाव 'धाकटी' ठेवलं. आत्याने लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी तिने एक बहीण आणून ठेवली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आज ते दिवस आठवले की मला आधी त्या मागच्या सीटची ऊब आठवते. उन्हात तापलेलं रेक्झिन, आईच्या डब्याचं झाकण आणि पुढून येणारा आत्याचा आवाज. ती आम्हाला रस्ते दाखवायचीच नाही, रस्त्याखालचं दाखवायची. "आता आपण मोठ्या नळावर आहोत. आता तो डावीकडे वळला. या चौकात त्याचे तीन फाटे होतात." मला वाटायचं, आत्याला जमिनीच्या आरपार दिसतं. पायाचा टिक टिक आवाज गाडीत बसल्यावर बंद व्हायचा. रस्त्यावरच्या माणसांना काचेतून दिसायची ती नुसती एक गाडी चालवणारी बाई, मान ताठ, केस घट्ट बांधलेले.

ऑटोमॅटिक गाडीची एक खोड असते. ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपली आपण सरकू लागते. त्यामुळे सिग्नलला थांबलं तरी पाय ब्रेकवर हवाच. गाडी घेतल्याच्या पाचव्या वर्षी आत्याच्या लक्षात आलं, की पाय दाबून धरलेला असतानाही पेडल हळूहळू खाली जातंय आणि गाडी बोटबोट पुढे सरकतेय. ती गाडी घेऊन मोठ्या गॅरेजात गेली. काचेच्या केबिनमधल्या माणसाने एक चक्कर मारली, ब्रेक ऑइल ओतलं आणि म्हणाला, "मॅडम, काही नाही. ऑटोमॅटिक असंच सरकते. तुमचा पाय हलका पडत असेल."

पायाचं नाव निघालं आणि आत्या गप्प झाली. एरवी कार्यालयात चुकीचा नकाशा समोर आला तर साहेबालाही ती सोडत नसे. पण पायाबद्दल कुणी काही म्हटलं की ती वाद घालायची नाही. तिने किल्ली उचलली आणि घरी आली.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. टेकडीवरच्या वाचनालयातून आई, आत्या आणि मी परत येत होतो. मी दहा वर्षांची, मागे, मांडीवर पुस्तकं. तो रस्ता सरळ बाजाराच्या चौकात उतरतो. अर्ध्या उतारावर आत्याने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. तिने पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"वहिनी, धरून बसा," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा. म्हणूनच आई घाबरली.

आत्याने दांडा खालच्या गिअरवर ओढला. इंजिन असं काही ओरडलं की फुटपाथवरची माणसं मागे सरली. मग तिने हँडब्रेक ओढायला घेतला. एकदम नाही, थोडा थोडा, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. चौकात एक ट्रक आडवा लावून पोती उतरवत होते. आत्याने गाडी बागेच्या कुंपणाच्या कडेला घातली. झुडपं काचेवर खरखरत गेली, गाडीचा एक दिवा फुटला आणि आम्ही थांबलो. चौक वीस पावलांवर होता.

कुणाला खरचटलंही नव्हतं. माझी पुस्तकं पायाशी पडली होती. आत्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली होती.

"माझा पाय कमी पडला," ती म्हणाली.

"काहीतरीच काय बोलता!" आई जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही थांबवलीत म्हणून आपण आहोत." पण ते आत्याच्या कानात शिरलं नाही.

गाडी ओढून घरी आणली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. आत्या पुन्हा बसने जायला लागली. गर्दीत उभं राहून पट्ट्यांखालची कातडी सोलवटायची. संध्याकाळी आई तिला कोमट पाणी आणून द्यायची. गाडीजवळून जाताना आत्या ताडपत्रीकडे पाहायचीसुद्धा नाही. शेवटी बाबांनी गिऱ्हाईक शोधलं. निदान चालती करून द्यावी म्हणून त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो काम करताना सारखा स्वतःशी बोलायचा, म्हणून सगळे त्याला 'पुटपुटे' म्हणायचे.

पुटपुट्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि विचारलं, "चालवतं कोण?"

"बहीण चालवायची. पण आता ती..."

"त्यांना बोलवा."

आत्या आली. पुटपुटे म्हणाले, "ताई, पेडल नेमकं काय करायचं ते सांगा. घाई नाही."

आत्याने नकाशा वाचावा तसं सांगितलं. "दाबलं की आधी घट्ट लागायचं. धरून ठेवलं की हळूहळू खाली जायचं, ओल्या वाळूत पाय रुतावा तसं. सोडून परत दाबलं की पुन्हा घट्ट."

"हे कुणाला सांगितलं होतंत?"

"गॅरेजात सांगितलं होतं. पाय हलका पडतो म्हणाले."

पुटपुटे बराच वेळ पुटपुटले. त्यातले काही शब्द आईने माझ्या कानावर पडू दिले नाहीत. मग त्यांनी ब्रेकचा मुख्य सिलिंडर सोडवला, उघडला आणि आतली एक रबरी कडी काढून आत्याच्या तळहातावर ठेवली. तिची कड फाटून लोंबत होती.

"पाय तुमचा चोख आहे, ताई. दाब या रबराने धरायचा असतो. ते आतल्या आत गळत होतं. तुमच्या पायाला ते महिनाभर आधी कळलं, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही."

आत्या ती कडी हातात घेऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "दादा, त्या गिऱ्हाइकाला सांग, गाडी विकायची नाहीये."

पुढचे कितीतरी रविवार ती पुटपुट्यांकडे शिकायला गेली. घरी येऊन तिने गाडीच्या ब्रेकचा नकाशा काढला: मधला सिलिंडर, चार चाकांकडे जाणाऱ्या नळ्या, जोड, झडपा, सगळं काळ्या शाईत. तो भिंतीवर लावला. "शहरासारखंच आहे," ती मला म्हणाली. "कुठेतरी गळतं आणि दुसरीकडे पाणी येत नाही."

दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, तेव्हा नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागायची. आत्या चाकाशी बुटक्या स्टुलावर बसायची, हातात पाना, आणि पेडलवर बाबा.

"दाब."

"दाबला."

"धर. धर म्हटलं ना! सोडू नकोस."

"धरलाय गं बाई."

"आता सोड. आणि दादा, उजव्या पायाने."

हेच बाबा तिला लहानपणी पाठुंगळीला घेऊन शाळेत पोचवायचे. आता ते तिच्या हुकुमावर पाय वरखाली करायचे आणि चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की शेजारी कुंपणावरून बघत थांबायचे. चार चाकं संपली की आई चहा आणायची आणि दोघं भावंडं तेलकट हातांनीच कप धरायची.

धाकटी आमच्याकडे बावीस वर्षं होती. माझं कॉलेज, आजारपणातल्या बाबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, माझी लेक दवाखान्यातून घरी आली तो दिवस, सगळं त्या मागच्या सीटवर झालं. बाबा गेल्यावर पेडल दाबायला मी बसू लागले. माझ्यावर आत्या ओरडायची नाही, आणि ते मला लागायचं.

मग एका दुपारी ती बाजारातून आली आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "आज एक माणूस समोर आला आणि माझा पाय ब्रेकवर क्षणभर उशिरा पोचला. गाडीचा दोष नाही. या वेळी खरंच पायाचा आहे." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मी काही बोलायला गेले, तर हात वर करून तिने मला थांबवलं.

गाडी एका तरुण शिक्षकाने नेली. त्याला जुळी मुलं होती. आत्याने त्याला दोन तास उभं करून सगळं समजावलं आणि गाडी वळणाआड गेल्यावर आत येऊन बसली.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. ब्रेक लावला की पुढून चिरकल्यासारखा आवाज येतो म्हणाला. "फोन खिडकीबाहेर धरायला बायकोला सांगा, आणि चालवा," आत्या म्हणाली. तिने डोळे मिटले. पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता, वारा ऐकू येत होता आणि मग एक बारीक, लांबट किंचाळी.

"पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजत आलेत," आत्या म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला होता. "उद्याच बदलून घ्या. आणि जरा थांबा, फोन ठेवू नका. अजून एकदा लावा पाहू ब्रेक."