बारीक गॅस

आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. पुढे पंखा असलेल्या छोट्या विमानांवर त्यांनी आयुष्यभर लोकांना उडायला शिकवलं. आता माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात आणि प्रत्येक गोष्ट इतकी सावकाश करतात, की मला चीड येते. चहासुद्धा. कान शेगडीकडे लावून गॅस बारीक करत नेतात. ज्योत फडफडली की बटण केसभर उलटं फिरवतात. "इंजिनचंही असंच," म्हणतात. "पेट्रोल कमी करत न्यायचं, अडखळलं की जरासं वाढवायचं."

नोकरी गेल्यापासून मी दिसेल त्या ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. परवा त्यांनी जिन्यातच अडवलं.

"चहा घेऊन जा गं."

"वेळ नाहीये काका. वाट लागलीय माझी."

तरी गेले. गॅस नेहमीसारखाच बारीक. मी वैतागून म्हटलं, "आज मिळेल ना चहा?"

ते हसले नाहीत. "एकदा धावपट्टीवर दुसरं विमान अडकलं होतं. उतरायला जागा नाही, टाकीत पेट्रोल थोडं. मग पॉवर कमी केली आणि वरच घिरट्या घालत राहिलो. शेजारी शिकाऊ मुलगी होती. रडकुंडीला येऊन म्हणाली, सर, आपण पडतोय. म्हटलं, पडत नाही गं, थांबलोय."

मी पातेल्याकडे बघत बसले. तेवढ्याशा ज्योतीवर चहा हळूहळू वर आला.