सोडून चुकलो

फोन मीनाचा होता. मीना म्हणजे सुधीरची बायको. एरवी ती माझ्याशी मराठीत बोलते, पण त्या सकाळी हिंदीत म्हणाली, "ताई, ये चले गए।" मला वाटलं, मालाच्या कामाने बाहेरगावी गेला असेल. "कुठे?" असं मी विचारलंसुद्धा... पलीकडून रडण्याचे आवाज आले, तेव्हा समजलं. कापडछपाईच्या टेबलापाशी लाकडी ठप्पा हातात घेऊन उभा होता, खाली बसला आणि उठलाच नाही. सुधीर माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला जाऊन दीड महिना झाला. हे लिहायला बसते आणि दर चार ओळींनी उठते. गॅस बंद केलाय का बघते, दाराची कडी बघते, पुन्हा येऊन बसते.

उज्जैनला माधव नगरात आम्ही एकाच घरात वाढलो. मिल बंद पडल्यावर नानाकाका, म्हणजे सुधीरचे वडील, घरी बसले आणि पिऊ लागले. काकू एकदा माहेरी गेली ती परत आली नाही. मग मार खायला उरला सुधीर. मारून झालं की काकांना त्याच्या रडण्याचा त्रास व्हायचा, म्हणून ते त्याला गुळात घालून भांगेची बारीक गोळी द्यायचे. आमच्या गावात भांगेचं कुणाला नवल नाही. प्रसाद म्हणून ती उजळ माथ्याने फिरते. पण पोर सात वर्षांचं होतं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. "शांत झोपतो बिचारा," असं आम्ही म्हणायचो. त्याचा मला आजही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही, कारण म्हणणाऱ्यांत मीही होते.

गोळीवरून तो पावडरवर कधी गेला ते कळलं नाही. सोळाव्या वर्षी त्याचे डोळे खोल गेले होते. माझ्या लग्नात तो वऱ्हाडाला पाणी देता देता तांब्यासकट कोसळला. सासरच्या माणसांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच्या तोंडावर पाणी मारताना. मी पुण्याला आले तेव्हा मनात भावाची काळजी होती असं सांगायला आवडलं असतं. खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढे आईच्या पत्रांतून कळायचं... दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोनदा पळाला. मग गावातल्याच भैरवगढच्या एका कापड छापणाऱ्या चाचांनी त्याला कारखान्यात ठेवून घेतलं. माझ्या लग्नाला चार वर्षं होत होती तेव्हा, दिवाळीच्या आधी, एक पार्सल आलं. आत छापील चादर, तिला टाचणीने चिठ्ठी लावलेली. अक्षर त्याचंच, कोंबडीचे पाय. "ताई, मी सोडून चुकलो. भाऊबीजेला पुण्याला येऊ का?"

तोवर मी शाळेत मराठी शिकवू लागले होते. लाल पेन हातात असायचंच. चिठ्ठी दोनदा वाचली. सोडून चुकलो. म्हणजे सोडलं ही चूक झाली म्हणतोय, पुन्हा सुरू केलंय, आणि त्याच अवस्थेत माझ्या दारात येऊ म्हणतोय. चादरीची घडी थोडी उघडून पाहिली. वरच्या कडेची फुलं वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली, रंग फासलेला. त्या हाताची थरथर मला तिथे स्पष्ट दिसली. चादर कपाटात वर ढकलली आणि उत्तर लिहिलं, "चूक झाली हे तुलाच कळलं, हे बरं. आता पुन्हा निश्चय कर. एवढ्यात येऊ नकोस."

तो आला नाही. त्याच्याकडून तक्रारीचा एक शब्द नाही, रुसवा नाही. दर भाऊबीजेला मी फोन करायचे, आणि हॅलोच्या आधी तो म्हणायचा, "ताई, हात स्थिर आहे." उज्जैनला गेले की देवास गेटच्या स्टँडवर उभा असायचा, माझी बॅग ओढून घ्यायचा. त्याचं लग्न झालं, काम वाढलं, त्याच्या हाताखाली माणसं आली. तो सुधारला हे दिसतच होतं, आणि त्यात माझ्या कडक पत्राचा वाटा आहे, असं मी स्वतःशी धरून चालले होते. "पुण्याला ये ना," म्हटलं की हसून सांगायचा, "ऑर्डर आहे, ताई."

तेराव्याला मी उज्जैनला होते. दुपारी पंगत उठली. मीना पदराने हात पुसत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही जेवून चुकलात का?"

मला माझं पुण्यातलं पहिलं जेवण आठवलं. नणंदेने विचारलं होतं, "जेवलीस?" आणि मी म्हणाले होते, "जेवून चुकले." सगळं घर हसलं होतं. "जेवण्यात काय चुकलं गं?" आमच्याकडे ते हिंदीतल्या 'खा चुकी'चं सरळ मराठी होतं, जेवण आटोपलं एवढाच अर्थ. त्या हसण्यानंतर सहा महिन्यांत मी माझी जीभ घासून पुसून पुणेरी केली. इतकी, की भावाची चिठ्ठी मला वाचता आली नाही.

तो सोडून मोकळा झाला होता. तेच कळवत होता, सगळ्यांच्या आधी मला.

"माझ्या त्या पत्रावर तो काय म्हणाला होता?" मी मीनाला विचारलं. ती म्हणाली, "म्हणायचे, ताईला अजून भरोसा येत नाही, येईल." त्याच्या पेटीत ते पत्र होतं, माझ्या सुरेख अक्षरात, एकही चूक नसलेलं.

चाचा आले होते, आता काठी टेकत चालतात. मी त्यांना त्या चादरीचं विचारलं. ते म्हणाले, "बेटी, वो तो उसकी दवा थी। मैंने कहा, एक ही कपड़ा ले और रोज़ एक लाइन छाप। हाथ काँपे तो भी एक लाइन। धोना नहीं, फेंकना नहीं। पूरी हुई तो बोला, ये मेरी बहन को जाएगी।"

पुण्याला आले ती चपलांसकटच कपाटाशी गेले. तीस वर्षांत ती चादर मी कधी पूर्ण उघडलीच नव्हती. पलंगावर पसरली. पहिल्या ओळी तशाच, वाकड्या. मधे एक ओळ अर्धीच सुटलेली, तो दिवस कसा गेला असेल देव जाणे. मग फुलं हळूहळू सरळ होत गेलेली. शेवटच्या चार ओळींत फुलाला फूल असं जुळलंय की सांधा बोटाने शोधावा लागतो. मी रडले, आणि रडून काही उपयोग नाही हेही कळत होतं.

चादर आता पलंगावरच असते. परवा नणंद आली, पलंगावर बसता बसता तिने विचारलं, "जेवलीस का?"

"जेवून चुकले," मी म्हणाले.

"अगं बाई, अजून तुझं उज्जैन गेलं नाही वाटतं," ती हसून म्हणाली.

"नाही गेलं," मी म्हटलं, आणि तिला जरा उठायला लावून तिच्याखालची चादर सारखी केली.