हुग्गी वाढणारी नवरी

नातू मोबाइलवर टाइम मशीनची कसलीशी सिरीज बघत असतो. परवा म्हणाला, "आजोबा, तुमच्यासोबत झालं ते टाइम ट्रॅव्हलच की!" म्हणून हे लिहायला बसलोय. भुताखेतांच्या, भानामतीच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. तरी हे घडलं...

आमचं गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी तरणाताठा, उमरग्यात कापडाच्या दुकानात कामाला. आई मला जन्म देतानाच गेलेली. तिचा फोटोसुद्धा नव्हता – खेड्यात तेव्हा फोटो कोण काढतंय? अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि तिचं नावही ते कधी काढायचे नाहीत.

एकदा भर दुपारी सायकलवर घरी निघालो होतो. गावाबाहेरच्या मठापाशी सनई ऐकू आली. बघतो तर अंगणात मांडव, पंगत बसलेली! गावात लग्न आणि मला पत्ता नाही? सायकल भिंतीला टेकवली तोवर एका म्हाताऱ्यानं हात धरला. "बसा पाव्हणं, उपाशी जाऊ नगा."

नवरा-नवरी हौसेनं वाढत येत होते. तिच्याकडं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्याच्याकडं तूप. नवऱ्याचं तोंड बघितलं आणि गारच पडलो... अप्पा! नुकतं मिसरूड फुटलेले, माझ्याहून लहान अप्पा. मग ही हळदीनं पिवळी झालेली पोर...

ती माझ्यापुढं वाकली. "बेकु?" कानडीत विचारलं – हवंय का?

मी नुसती मान हलवली. ती पुढं गेली की मी भराभरा संपवायचो आणि पत्रावळ पुन्हा पुढं करायचो.

"बेकु?"

"बेकु!"

शेवटी ती खळखळून हसली. अप्पा वैतागले, "कुणाकडचा हाय ह्यो?"

"खाऊ द्या की!" ती म्हणाली.

हात धुवायला उठलो, मागं वळून बघितलं – मांडव नाही, माणसं नाहीत. मठाचं रिकामं अंगण, कडक ऊन आणि माझी सायकल. बोटांना तूप मात्र तसंच.

घरी जाऊन अप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, "ह्योच हिरवा सदरा व्हता त्याच्या अंगात." आणि हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुजी आय त्या पाव्हण्याचंच कौतुक सांगायची. मला लई राग यायचा. तुज्या येळंला दिवस गेले तवा म्हणायची, पोरगा झाला तर तसाच खाणारा व्हावा."

त्या दिवसापासून अप्पा तिच्याबद्दल जे बोलू लागले, ते थांबलेच नाहीत.

मठातल्या स्वामींना विचारलं, शाळेतल्या मास्तरांना विचारलं. हे कसं झालं ते कुणाला सांगता आलं नाही, मलाही नाही. पण आईच्या हातचं मी पोटभर जेवलोय.