झेंड्याचा मान

शाळेत शिकवता शिकवता मी बालवीर पथकही सांभाळत असे. तळावरची कामं मुलांनी आळीपाळीनं करायची, हा नियम माझाच. पाणी, चूल, लाकडं, झेंडा. कोणी कुरकुरला की मी डाफरायचो, "इथं कोणी लहानमोठा नाही!"

पथकात महारवाड्यातला एक मुलगा होता. पूर्णगडच्या तळावर पाण्याची पाळी त्याच्यावर आली आणि बाकीच्यांचे चेहरे उतरले. त्याच्या हातचं पाणी ते पिणार नव्हते, आणि घरी कळतं तर पथकच मोडलं असतं. मी कळशी दुसऱ्याला दिली आणि झेंडा त्याच्या हाती. पुढच्या प्रत्येक तळावर तेच. झेंडा धरावा तर यानंच, असं वर सगळ्यांना सांगत सुटलो. पोरानं तो कधी जमिनीला टेकू दिला नाही.

एकदा बाजारात त्याचा बाप भेटला. लांब उभा राहून, हात जोडून म्हणाला, "मास्तर, एवढ्या पोरांत माझ्याच पोराला मान दिलाव. आमी इसरणार नाय."

"कमावलान त्याने तो," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.