आबांनी पत्ते का सोडले

आज ताडकळसला आईच्या मामांकडे गेलो होतो. आम्ही त्यांना आबा म्हणतो. नव्वदी पार केलीय त्यांनी. मेंढीकोटला एक भिडू कमी पडत होता, म्हणून आबांना हाक मारली.

"न्हाई रे बाबा. निजामाचं राज गेलं तवाच पत्ते सोडले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावातला करीम त्यांचा कायमचा भिडू. हात करीमचा होणार असं दिसलं की आबा बिनघोर आपली दश्शी, म्हणजे मेंढी, त्यावर टाकायचे. अठ्ठेचाळीस साली रझाकारांवरचा राग साध्या मुसलमानांवरही निघाला. जमावानं करीमच्या वडिलांना मारून टाकलं. आबांनी करीमला कडब्याच्या गंजीत लपवलं, चोरून भाकरी नेऊन दिली. एका सकाळी गेले तर गंजीत कुणीच नव्हतं.

"मग?" माझ्या लेकीनं विचारलं.

"लय धुंडलो. पार जिंतूरपत्तुर गेलो. जिता हाय का मेला, आजून कळलं न्हाई."

लेक त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आबा, मी होते तुमची भिडू."

आबांनी पानं हातात घेतली, पण एकही टाकता आलं नाही. ते रडत राहिले.

इतकी वर्षं मला वाटायचं, आबांना पत्त्यांची आवडच नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय सोडलं आणि का, तुम्ही कधी विचारलंय?